आधी जहाज शोधा, मग माणूस: शिडांच्या आरमारातल्या अधिकाऱ्याचं पदक आणि नोकरी कशी तपासावी

बाबा गेल्यावर त्यांची नाण्यांची पेटी आवरायला घेतली, तेव्हा तळाशी मलमलीच्या चिंधीत गुंडाळलेलं एक चांदीचं पदक निघालं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ घेऊन सागरी घोड्यावर बसलेली ब्रिटानिया. वर दोन चांदीच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी एकेका लढाईची, एकीवर ‘नॅव्हरिनो’ आणि दुसरीवर ‘सिरिया’. कडेवर एक इंग्रजी नाव आणि पुढे हुद्दा, मिडशिपमन, म्हणजे अधिकारी होण्याआधी जहाजावर शिकणारा उमेदवार. बाबांनी ते वीसेक वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून घेतलं होतं, एवढंच आईला आठवत होतं.

हा माणूस कोण, कुठल्या जहाजावर होता, पुढे त्याचं काय झालं, हे शोधायला मला जवळपास तीन वर्षं लागली. त्यातले निदान आठ-दहा महिने वाया गेले, कारण सुरुवात कुठून करायची हेच सांगणारं कुणी नव्हतं. तुमच्याकडे असं पदक असेल, घेण्याचा विचार असेल, किंवा त्या काळातल्या एखाद्या आरमारी अधिकाऱ्याची नोकरी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत लावायची असेल, तर हा क्रम धरा. मी ब्रिटिश रॉयल नेव्हीबद्दल आणि तिच्या १७९३ ते १८४० या काळाच्या ‘नेव्हल जनरल सर्व्हिस’ पदकाबद्दल लिहितो आहे. आपल्याकडच्या संग्रहांत, जुन्या बाजारांत सगळ्यात जास्त प्रश्न याच पदकाबद्दल विचारले जातात.

आधी हाताशी काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर
- पदकाचे फोटो: दोन्ही बाजू, पट्ट्यांची मागची बाजू, आणि कडेचे तुकड्यातुकड्याने सात-आठ
- कोऱ्या कागदाची मोठी वही. सैल कागद नकोत, हरवतात.
- लंडनला जाणार असाल तर पासपोर्ट, पत्त्याचा मूळ पुरावा आणि शिसपेन्सिली
- जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचायचा सराव. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर डोळा बसतो.

१. पदक घासू नका, मोजा

आपल्याकडे चांदी काळी पडली की हात आपोआप रांगोळी, चिंच नाहीतर टूथपेस्टकडे जातो. कृपा करून हे करू नका. घासण्याने कडेवरची अक्षरं बोथट होतात, आणि खरंखोटं तिथेच कळतं.

या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. कॅलिपरने तो चार-पाच ठिकाणी मोजा. मूळ नाव खरवडून दुसरं घातलेलं असेल तर त्या भागात कड किंचित खाली गेलेली असते आणि व्यास भरत नाही. मूळ पदकावरची नावं ठशांनी ठोकलेली, मोठ्या रोमन अक्षरांत असतात. भिंगाखाली अक्षर कोरल्यासारखं, तिरक्या काठाचं दिसलं तर थांबा. फीत पांढरी आणि दोन्ही काठांना गडद निळी, ३२ मिलिमीटर रुंद. पण फितीवरून काहीच सिद्ध होत नाही, ती कुणीही बदलतं.

पट्ट्या मात्र नीट बघा. त्या एकमेकींना बारीक रिव्हेटने जोडलेल्या असतात. आमच्या पदकावर खालच्या पट्टीची रिव्हेट काळवंडलेली, पदकाच्याच रंगाची होती. वरच्या पट्टीची डावीकडची रिव्हेट चकचकीत होती आणि तिच्याभोवती चांदीवर नखाने ओढल्यासारखे दोन ओरखडे होते. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, फोटोही काढला होता. त्याचा अर्थ कळायला दीड वर्ष गेलं.

२. हे पदक कुणाला मिळालं, हे आधी समजून घ्या

ही पायरी वगळली तर पुढचं सगळं चुकतं.

नेपोलियनच्या युद्धांत लढलेल्या खलाशांना आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांना सरकारने त्या वेळी पदक दिलंच नाही. अ‍ॅडमिरल आणि कप्तानांना मोठ्या विजयांसाठी सोन्याची पदकं मिळत, बाकीच्यांच्या वाट्याला काही नाही. अखेर १८४७ साली जाहीर झालं की १७९३ ते १८४० मधल्या ठरावीक लढायांसाठी, जे हयात आहेत त्यांनी अर्ज करावा. अर्ज घ्यायची मुदत १८५१ पर्यंत होती. पदकावर साल आहे १८४८, पण पदकाच्या लढायांपैकी कुठलीच त्या साली झालेली नाही. वाटप प्रत्यक्षात १८४९ मध्ये सुरू झालं.

म्हणजे १७९४ च्या जूनमधल्या लढाईत जो पोरगा बारा वर्षांचा होता, त्याला पदक मिळालं तेव्हा तो पासष्टीच्या पुढे होता. मधल्या काळात जे वारले त्यांच्या वारसांना अर्ज करायची सोय नव्हती. ग्रीसच्या किनाऱ्यावर १८२७ मध्ये झालेल्या नॅव्हरिनोच्या लढाईत ‘जिनोआ’ जहाजाचा कप्तान वॉल्टर बाथर्स्ट मारला गेला. त्याच्या नावाचं हे पदक असूच शकत नाही. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर पहिला लेफ्टनंट होता जॉन क्विलियम. तो १८२९ मध्ये वारला, त्याचंही नाही. अशा एखाद्या प्रसिद्ध पण लवकर वारलेल्या माणसाच्या नावाचं पदक कुणी तुमच्यापुढे ठेवलं तर पाकिटाला हात लावू नका.

एकूण सुमारे २१ हजार पदकं दिली गेली, त्यांतली बहुतेक एकाच पट्टीची. लढायांच्या मंजूर पट्ट्या दोनशेच्या वर होत्या, पण काहींसाठी एकही माणूस पुढे आला नाही आणि काहींचे दोन-चारच दावेदार निघाले. ‘सिरिया’ची पट्टी सात हजारांच्या आसपास, ‘ट्रफाल्गर’ची सोळाशेच्या वर, ‘नॅव्हरिनो’ची अकराशेच्या वर. एका माणसाला मिळालेल्या जास्तीत जास्त पट्ट्या सात. किमतीतला फरक पदकाच्या चांदीमुळे पडत नाही, पट्टीमुळे पडतो. म्हणूनच खोटेपणा बहुधा पट्टीतच होतो.

आणखी एक सापळा. साध्या खलाशाच्या पदकावर फक्त नाव असतं, जहाज नाही, काम नाही. अधिकाऱ्याच्या पदकावर हुद्दा असतो, पण तो लढाईच्या दिवसाचा की पुढचा, हे गृहीत धरू नका. त्यासाठी नोंदवही बघावी लागते.

मराठी वाचकांसाठी एक वेगळी सूचना. आंग्र्यांच्या विजयदुर्गावर १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने हल्ला केला, ती मोहीम या पदकाच्या काळात बसत नाही. खडकी, कोरेगाव, असई, अशीरगड, सीताबर्डी या मराठ्यांशी झालेल्या लढायांच्या पट्ट्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ नावाच्या दुसऱ्याच पदकावर असतात. ते फिकट निळ्या फितीचं आणि मुख्यतः लष्कराचं. पण पहिल्या ब्रह्मी युद्धाची ‘आवा’ ही पट्टी त्याच पदकावर येते आणि ती आरमारातल्या माणसांनाही मिळाली आहे. तेव्हा एखाद्या आरमारी अधिकाऱ्याच्या नावाचं लष्करी पदक दिसलं तर लगेच खोटं म्हणू नका.

३. पट्टी नोंदवहीशी ताडून बघा

पदकांच्या मूळ नोंदवह्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. तिथे अ‍ॅडमिरल्टीच्या, म्हणजे आरमाराच्या मुख्य कचेरीच्या, कागदांना ‘एडीएम’ ही तीन रोमन अक्षरं आणि पुढे एक आकडा असतो. पदकांसाठी तो आकडा १७१, आणि त्यातले पहिले आठ खंड या पदकाचे. याच नोंदींवरून तयार झालेल्या छापील याद्याही आहेत. मोठ्या संग्राहकांकडे त्या असतात, विचारलं तर बहुतेक जण आनंदाने बघून देतात.

यादीत तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: नाव, पट्टी आणि जहाज. आमच्या माणसाच्या नावापुढे नॅव्हरिनो होतं, जहाज ‘आशिया’, हुद्दा मिडशिपमन. सिरिया नव्हतं. मी दोनदा, तीनदा बघितलं. मग तो रिव्हेटचा फोटो काढून भिंगाखाली धरला. वरची पट्टी कुणीतरी दुसऱ्या पदकावरची उचलून इथे जोडली होती. ज्या विक्रेत्याने ते विकलं त्याने बाबांकडून दोन पट्ट्यांचे पैसे घेतले होते. बाबा असते तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि तरी त्यांनी पदक जवळच ठेवलं असतं, याची मला खात्री आहे.

नाव अगदी सर्वसामान्य असेल तर यादीत तेच नाव चार-पाच वेळा येतं. त्या सगळ्या ओळी वहीत उतरवून घ्या. आत्ताच निवड करू नका.

४. छापील साधनांतून नोकरीचा सांगाडा उभा करा

मूळ कागदांकडे जाण्याआधी घरी बसून फुकट करण्यासारखं खूप आहे.

विल्यम ओबर्नचा १८४९ सालचा आरमारी चरित्रकोश पहिला उघडा. लेफ्टनंट आणि त्यावरचे, तेव्हा हयात असलेले अधिकारी त्यात आहेत. पदकाचे दावेदारही हयात असलेलेच, त्यामुळे पदक आणि कोश दोन्हीकडे तीच माणसं पुन्हा भेटतात. जहाजं, लढाया, बढतीच्या तारखा, कधी कधी बायकोमुलांची माहितीसुद्धा मिळते. पण बरीचशी माहिती अधिकाऱ्यांनी स्वतः कळवलेली आहे, म्हणून तो सांगाडा समजा, पुरावा नव्हे. जो मिडशिपमन लेफ्टनंट झालाच नाही, तो इथे सापडणार नाही.

दुसरं साधन नेव्ही लिस्ट. अधिकाऱ्यांची ही अधिकृत यादी १८१४ पासून निघते. त्यात प्रत्येकाच्या हुद्द्याची तारीख असते. तिसरं, लंडन गॅझेट, म्हणजे तिथलं सरकारी राजपत्र. लढाईनंतर सेनापतीने पाठवलेली खलिता-पत्रं त्यात छापली जात, सोबत मेलेल्या आणि जखमी झालेल्या अधिकाऱ्यांची नावं.

हुद्द्यांची तारीख नुसती उतरवून घेऊ नका, ती वाचायला शिका. चढता क्रम असा: लेफ्टनंट, कमांडर, कप्तान. दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

जॉन पास्को ट्रफाल्गरला ‘व्हिक्टरी’वर होता. नेल्सनला निशाणांवरून ‘प्रत्येक जण आपलं कर्तव्य करील असा इंग्लंडला विश्वास आहे’ असा संदेश द्यायचा होता. पास्कोने सुचवलं, ‘विश्वास’ला लागणारा ‘कॉन्फाइड्स’ हा शब्द संकेतकोशात नाही, अक्षरं एकेक करून चढवावी लागतील. ‘एक्स्पेक्ट्स’, म्हणजे ‘अपेक्षा आहे’, कोशात आहे, तो घेऊ का? नेल्सन हो म्हणाला, आणि तोच संदेश जगाच्या लक्षात राहिला. आता तारखा बघा. लेफ्टनंट १७९५, कमांडर डिसेंबर १८०५, कप्तान १८११. त्याच लढाईनंतर त्याच जहाजावरचा क्विलियम लेफ्टनंटचा थेट कप्तान झाला. असं का? पास्को ज्येष्ठ असूनही नेल्सनने त्याला निशाणांचं काम दिलं होतं आणि पहिल्या लेफ्टनंटची जागा क्विलियमकडे होती. लढाईनंतरची मोठी बढती त्या जागेला मिळाली. एका नेमणुकीची किंमत पास्कोने सहा वर्षं मोजली.

दुसरा हेन्री कॉड्रिंग्टन. १८२३ मध्ये आरमारात आला. १८२७ मध्ये नॅव्हरिनोच्या उपसागरात ‘आशिया’वर मिडशिपमन होता, त्या लढाईत गंभीर जखमी झाला. लेफ्टनंट १८२९, कमांडर १८३१, कप्तान १८३६. पास्कोला लेफ्टनंटपासून कप्तान व्हायला सोळा वर्षं लागली, युद्धाच्या काळात. कॉड्रिंग्टनला सात लागली, शांततेच्या काळात. कारण ‘आशिया’ हे ज्या अ‍ॅडमिरलचं निशाणजहाज होतं, तो एडवर्ड कॉड्रिंग्टन त्याचा बाप. पोराने पुढे आपली लायकी दाखवली हेही खरं. १८४० मध्ये ‘टॅलबट’ जहाजाचा कप्तान म्हणून तो सिरियाच्या किनाऱ्यावर आक्रे या बंदरावरच्या तोफमाऱ्यात होता. म्हणजे आमच्या पदकावर जी जोडी कुणीतरी खोटी जुळवली, त्या दोन्ही पट्ट्यांचा खरा हक्क त्याच जहाजावरच्या दुसऱ्या एका मिडशिपमनला होता.

५. आता माणूस सोडा आणि जहाज धरा

माझे महिने इथेच वाया गेले, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

आपल्याला सवय असते सेवापुस्तकाची. माणसाच्या नावाची एक फाईल, त्यात रुजू झाल्यापासून निवृत्तीपर्यंत सगळं. शिडांच्या आरमारात तसं नव्हतं. माणूस आरमाराच्या नोकरीत नसे, तो जहाजाच्या नोकरीत असे. जहाजाचा फेरा संपला की खलाशी मोकळा, मिडशिपमन मोकळा, आणि अधिकारी अर्ध्या पगारावर घरी. त्यामुळे कागदही जहाजाच्या नावाने लावलेले आहेत. नाव घेऊन कितीही शोधलं तरी हाती काही लागत नाही. जहाज आणि तारीख घेऊन गेलात की दार उघडतं.

जहाजाचे कागद मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक लॉग, म्हणजे रोजनिशी. कप्तानांचे लॉग एडीएम ५१ मध्ये, मास्टरचे, म्हणजे जहाजाची दिशा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे, ५२ मध्ये. लेफ्टनंटांचे क्यूला नाहीत, ते ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये आहेत. वारा, दिशा, शिडं, कुणाला फटके दिले, कुठलं जहाज दिसलं, हे सगळं असतं, पण माणसांची नावं क्वचित.

दुसरं, आणि आपल्या कामाचं, मस्टर. आपल्या ऑफिसात ज्याला मस्टर म्हणतात, तेच. साधारण १८०८ पर्यंतची एडीएम ३६ मध्ये, पुढची ३७ मध्ये. मोठी आडवी वही असते. उघडलीत की डावीकडे अनुक्रमांक, मग रुजू झाल्याची तारीख, कुठून आला, जन्मगाव, वय, नाव, काम, आणि शेवटी एक-दोन अक्षरांचा रकाना. त्यात ‘डी’ असेल तर माणूस जहाज सोडून गेला, पुढे बहुधा कुठे गेला तेही लिहिलेलं असतं. ‘आर’ असेल तर पळाला. ‘डीडी’ असेल तर वारला. पहिल्यांदा एका पानावर ओळीने सहा ‘डीडी’ एकाच तारखेचे दिसले, तेव्हा मी काही वेळ पान उलटलंच नाही.

‘डी’पुढचं जहाजाचं नाव हा तुमचा पुढचा दुवा. त्या जहाजाचं मस्टर मागवा, तिथे माणूस गाठा, पुन्हा ‘डी’ बघा. असं साखळीने मागे आणि पुढे जात राहायचं.

इथले सापळे पाच-सहा आहेत, पण तीन मोठे:

पहिला, सनद मिळालेल्या, म्हणजे लेफ्टनंट आणि त्यावरच्या, अधिकाऱ्यांच्या ओळीत वय आणि जन्मगाव बहुधा कोरंच असतं. मिडशिपमन, खलाशी यांचं भरलेलं असतं. म्हणून अधिकाऱ्याचं गाव हवं असेल तर तो अधिकारी होण्याआधीचं मस्टर काढा.

दुसरा, पुढे अधिकारी होणारा पोरगा सुरुवातीला ‘कप्तानाचा नोकर’, ‘स्वयंसेवक’ किंवा चक्क ‘एबल सीमन’, म्हणजे कसलेला खलाशी, म्हणून नोंदलेला असतो. मिडशिपमनच्या जागा ठरावीक होत्या. जागा नसली की कप्तान ओळखीच्या मुलाला मिळेल त्या रकान्यात घालत असे. ‘हा तर साधा खलाशी’ म्हणून ती ओळ सोडू नका.

तिसरा उलटा. काही मुलांची नावं मस्टरवर आहेत, पण मुलं घरी शाळेत जात होती. लेफ्टनंटच्या परीक्षेला सहा वर्षांची समुद्रावरची नोकरी लागायची, म्हणून नाव आधीच चढवून ठेवत. वयाच्या दाखल्यांतही गडबड असे. आठव्या वर्षी समुद्रावर गेलेला वीर सापडला की आनंदून जाऊ नका, आधी त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला शोधा.

माझी चूक अशी झाली. आमच्या माणसाच्या नावाचा एक लेफ्टनंट ओबर्नच्या कोशात होता, नॅव्हरिनोचा उल्लेखही होता. मी त्याच्यामागे दोन महिने लागलो, त्याचं लग्न, त्याची मुलं, सगळं लिहून काढलं. मग ‘आशिया’चं १८२७ चं मस्टर हाती आलं. आमचा मिडशिपमन तिथे होता, वय एकोणीस, जन्मगाव डेव्हन परगण्यातलं. कोशातला लेफ्टनंट त्या दिवशी त्याच उपसागरात होता, पण दुसऱ्या जहाजावर. नाव तेच, लढाई तीच, दिवस तोच, आणि माणसं दोन. जहाज आधी बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

ट्रफाल्गरपुरतं काम सोपं आहे. त्या लढाईत हजर असलेल्या अठरा हजारांहून अधिक माणसांची यादी नॅशनल आर्काइव्ह्जने ऑनलाइन ठेवली आहे, जन्मस्थानासकट. सरावासाठी ती उत्तम. हिंदुस्थानात जन्मलेल्यांच्या नोंदीही तिथे भेटतील.

६. परीक्षेचा दाखला आणि स्वहस्ते भरलेला तक्ता

अधिकारी असेल तर दोन कागद सोडू नका. लेफ्टनंटच्या परीक्षेचे दाखले एडीएम १०७ मध्ये, १८३२ पर्यंतचे. त्यात कुठल्या जहाजावर किती काळ, हे एका पानावर मिळतं, आणि कधी सोबत बाप्तिस्म्याचा दाखलाही टाचलेला असतो. तिथला काळ बेरजेने जुळत नसेल तर घाबरू नका. आरमारात महिना २८ दिवसांचा धरत, म्हणजे वर्षाचे तेरा.

दुसरा कागद एडीएम ९. युद्ध संपल्यावर अ‍ॅडमिरल्टीने १८१७ मध्ये आणि नंतर पुन्हा १८४६ च्या सुमारास सगळ्या अधिकाऱ्यांना तक्ते पाठवले: आपली नोकरी स्वतः लिहून कळवा. म्हणजे त्याच्याच हातचं अक्षर. कुणी ओळी आखून मोत्यासारखं लिहिलं आहे, कुणी रकान्याबाहेर जाऊन जखमा मोजल्या आहेत. नावांची सूची एडीएम १० मध्ये आहे. मस्टरशी ताडून बघा, म्हातारपणी तारखा चुकतातच.

७. तारखांचा गोंधळ

जहाजावरचा दिवस १८०५ च्या सुमारापर्यंत मध्यरात्री बदलत नसे, दुपारी बारा वाजता बदलत असे. म्हणजे आपल्या हिशेबाने १ तारखेची संध्याकाळ लॉगमध्ये २ तारीख असते. नाईलची लढाई १ ऑगस्ट १७९८ च्या संध्याकाळी सुरू झाली, आणि लॉगमध्ये ती २ ऑगस्टला सापडते. हे माहीत नसलं की माणूस लढाईनंतर जहाजावर आला असं वाटून पदकच खोटं ठरवण्याची वेळ येते.

८. क्यूला प्रत्यक्ष जाणं

जमलं तर एकदा जाच. वाचनालयाचं तिकीट फुकट आहे, पासपोर्ट आणि पत्त्याचा मूळ पुरावा लागतो. मोबाइलवरचा फोटो दाखवून भागत नाही. कागद जाण्याआधी ऑनलाइन मागवून ठेवा, नाहीतर पहिला अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिलच. फोटो काढायला पैसे पडत नाहीत. मी पहिल्या दिवशी दोनेकशे फोटो काढले आणि वहीच्या पाठीवरचा क्रमांक कुठल्याच फोटोत घेतला नाही. संध्याकाळी कुठलं पान कुठल्या वहीचं हे कळेना. प्रत्येक वहीचा पहिला फोटो तिच्या क्रमांकाचा काढा.

जाणं शक्य नसेल तर पैसे भरून प्रती मागवता येतात. त्यासाठी नेमका क्रमांक, जहाज आणि महिना द्यावा लागतो. पाचवी पायरी नीट झाली असेल तर हे सोपं जातं.

९. रिकाम्या वर्षांना घाबरू नका

१८१३ मध्ये ब्रिटिश आरमारात सुमारे १ लाख ४० हजार माणसं होती, १८१७ पर्यंत ती वीस हजारांच्या आसपास आली. खलाशी घरी गेले. अधिकारी मात्र यादीवर राहिले, कारण सनद काढून घेता येत नव्हती. बहुतेकांना पुन्हा जहाज मिळालंच नाही. वर्षानुवर्षं अर्धा पगार, वर्षानुवर्षं अ‍ॅडमिरल्टीला विनंतीपत्रं. अर्ध्या पगाराची पुस्तकं एडीएम २५ मध्ये आहेत आणि कप्तानांची पत्रं एडीएम १ मध्ये, आडनावाच्या पहिल्या अक्षराने लावलेली. पंचवीस वर्षांची पोकळी दिसली तर नोंद हरवली असं समजू नका. ती पोकळी हीच त्या माणसाची नोकरी होती. मृत्युपत्र बघायला विसरू नका, १८५८ पर्यंतची ‘प्रॉब ११’ या मालिकेत आहेत.

१०. आपल्याकडचे कागद, आणि एक कायदा

‘आशिया’ मुंबईच्या गोदीत बांधलेलं, १८२४ मध्ये पाण्यात उतरलेलं. ८४ तोफांचं सागवानी जहाज, वाडियांच्या देखरेखीखाली. २० ऑक्टोबर १८२७ ला नॅव्हरिनोत, फक्त शिडांच्या जहाजांनी लढलेल्या शेवटच्या मोठ्या लढाईत, इंग्रज अ‍ॅडमिरलच्या पायाखाली मुंबईत घडलेल्या फळ्या होत्या. १८१० चं ‘मिंडेन’ही मुंबईचंच. ते १८११ च्या जावा मोहिमेत होतं आणि १८१६ च्या अल्जियर्सच्या तोफमाऱ्यातही, आणि त्या दोन्हींच्या पट्ट्या या पदकावर येतात. १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ अजून तरंगतं आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला.

तेव्हा तुमच्या माणसाचं जहाज मुंबईचं निघालं तर मुंबईचं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार गाठा. मुंबई सरकारच्या मरीन खात्याचे जुने खंड तिथे आहेत. माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या आरमारातला, म्हणजे बॉम्बे मरीनमधला असेल तर एडीएमचा काही उपयोग नाही, त्याचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात.

आणि कायदा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमाखाली येते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी लिलावात चांगला भाव येईल म्हणून पदक कुरिअरने धाडू नका, नातेवाइकाच्या बॅगेत घालू नका. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी विचारा.

११. पदकासोबत चिठ्ठी ठेवा

जे सापडलं ते एका आम्लविरहित कागदावर पेन्सिलीने लिहा आणि पदकाजवळ ठेवा, म्हणजे पुढे पेटी उघडणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. खोटं निघालेलंही लिहा. आमच्या पदकाजवळची चिठ्ठी अशी आहे:

‘नॅव्हरिनो पट्टी: नोंदवहीशी जुळते. सिरिया पट्टी: जुळत नाही, नंतर जोडलेली, डावी रिव्हेट बघा. जहाज: आशिया, मुंबई गोदी, १८२४. मिडशिपमन, लढाईच्या दिवशी वय १९. लेफ्टनंटची परीक्षा पास, दाखला एडीएम १०७. त्यानंतर जहाज नाही, अर्धा पगार. बाबांनी विकत घेतलं.’